मुलांना विणकाम शिकवायचंय आणि थंडीआधी टोप्या द्यायच्यात, कशी सुरुवात करू? (नाशिक)

लोकरवेडी_इंदिरानगर
नमस्कार मंडळी. विणकामाची आवड मला शाळेपासून, घरातल्या सगळ्यांचे स्वेटर झाले, भाचीचा बाळंतविडा झाला, आता घरात कुणाला नवीन काही नकोय पण हात शिवशिवतात. आमच्या सोसायटीतली पाचवी ते आठवीची काही मुलं (मुलगेपण आहेत, त्याचा मला फार आनंद झाला) रविवारी शिकायला यायला तयार आहेत आणि त्यांनी जे केलं ते कुणाच्या तरी उपयोगाला जावं असं मनापासून वाटतंय. डोक्यात दोन गोष्टी आहेत, एक म्हणजे दवाखान्यातली नवजात बाळं आणि दुसरं पेठ-सुरगाण्याकडच्या आश्रमशाळा. निफाडचा पारा पेपरात वाचून आपण शाली काढतो, तिकडे पाड्यांवर काय होत असेल. तर लोकर कुठली घ्यावी, मुलांना पहिल्यांदा काय विणायला द्यावं, आणि असं नेऊन दिलेलं घेतात का? अजून एक, एका मुलीच्या आईने यूट्यूबवर बघून ८ नंबरच्या सुयांवर टोपी केली ती मापापेक्षा बरीच लहान झाली, लोकर तर तीच जाडी होती, मग असं का?

सुलट_उलट
ताई सुयांचं आधी सांगते. आपल्याकडे दुकानात मिळतात त्या सुयांचा नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचा असतो, नंबर वाढला की सुई बारीक. आपली ८ नंबर म्हणजे ४ मिमी आणि १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी. अमेरिकन व्हिडिओतली ८ नंबर ही ५ मिमीची असते आणि त्यांच्याकडे नंबर वाढला की सुई जाड होते, म्हणजे बरोब्बर उलटं. त्या ताईंनी व्हिडिओ अमेरिकन बघितला असणार. मेन रोडला सुया घेताना मिमी विचारूनच घ्या.

मुलांना पहिल्यांदा टोपी देऊ नका असं माझं स्पष्ट मत. चौकोन द्या. आणि तोही तिरका, म्हणजे ३ टाके घालायचे, सगळ्या सुया (म्हणजे ओळी) सुलट, प्रत्येक सुईच्या सुरुवातीला एक टाका वाढवत जायचं, कडेची बाजू १५ सेंमी झाली की तसंच एकेक टाका कमी करत परत यायचं. याचा फायदा असा की कुणाचा हात घट्ट असतो कुणाचा सैल, टाके मोजून विणलं तर दहा मुलांचे दहा मापांचे तुकडे येतात, पण तिरक्यात पट्टीने कड मोजली की सगळे चौकोन सारखे. ६ बाय ८ असे ४८ चौकोन जोडले की ९० बाय १२० सेंमीचं पांघरूण होतं. एकट्या मुलाच्या आवाक्यात नाही पण सगळ्यांनी मिळून नक्की होतं, आणि ज्याचे दोनच चौकोन झाले त्याचेही त्यात असतात. लोकर फिक्या रंगाची द्या, काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत आणि मुलं कंटाळून उठून जातात. डावखुरं कुणी असेल तर शेजारी न बसवता समोर बसवा, आरशात बघितल्यासारखं आपोआप जमतं.

निवृत्त_परिचारिका
ताई, खूप चांगलं करताय. मी नवजात विभागात नोकरी केलीये म्हणून लिहिते. आधी जाऊन तिथल्या सिस्टर इनचार्जना भेटा, काय हवंय काय नकोय ते विचारा, मगच सुया हातात घ्या. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे असतात.

टोपीची गरज खरी आहे. अडीच किलोच्या आतल्या बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून ठेवतात त्याला कांगारू केअर म्हणतात, १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात इनक्युबेटर पुरत नव्हते तेव्हा हे सुरू झालं. त्यात बाळाच्या अंगावर लंगोट, मोजे आणि टोपी एवढंच असतं. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं, उघडं राहिलं की तिथून ऊब जाते. पण टोपीला बंद नको, बटण नको, मणी गोंडा काही नको, जाळीचं डिझाइन तर अजिबात नको, त्यात बोटं अडकतात. मऊ नवी लोकर घ्या, जुना स्वेटर उसवलेली बाळांना नको. धुऊन, वाळवून, स्वच्छ पिशवीत भरून द्या. दिसायला साधी चालते हो, उबदार हवी.

पेठचा_मास्तर
मी पेठ तालुक्यात शिकवतो. ताई एक फार महत्त्वाचं, आमच्याकडे पहाटे पोरं शेकोटीला बसतात, घरी चूल असते. बाजारात लोकर म्हणून जे मिळतं त्यातलं बरंच अॅक्रिलिक असतं, ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. खरी लोकर अशी वितळत नाही, जळून तिची राख होते. ओळखायचं असेल तर एक धागा चिमट्यात धरून पेटवून बघा, केस जळल्याचा वास आला आणि राख चुरली तर लोकर, कडक मणी झाला तर अॅक्रिलिक. म्हणून दवाखान्यातल्या बाळांना मऊ अॅक्रिलिक ठीक असेल पण पाड्यावरच्या पोरांसाठी लोकरच बघा. महाग पडते हे मान्य, मग कमी नग करा पण तेच करा. घरातले जुने खऱ्या लोकरीचे स्वेटर उसवून लड्या करा, कोमट पाण्यात भिजवून खाली वजन लावून वाळत घाला, वळ्या निघून जातात.

दुसरं म्हणजे लोक लहान बाळांचेच कपडे घेऊन येतात. आमची सातवी-आठवीची पोरं तशीच राहतात. त्यांच्या डोक्याचं माप ५२-५४ सेंमी धरा. आणि वर्गात जेवढी पोरं तेवढ्या टोप्या झाल्या तरच आणा, निम्म्यांना मिळालं आणि निम्मे बघत बसले हे मला बघवत नाही. देताना पोरांना रांगेत उभं करून फोटो काढू नका एवढी कळकळीची विनंती.

लोकरवेडी_इंदिरानगर
मास्तर, शेकोटीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, फार बरं झालं लिहिलंत. फोटो नाहीच काढणार. आता असं ठरवते की मुलांनी लोकरीचे चौकोन करायचे आणि पांघरूण तुमच्याकडे, आणि बाळांच्या टोप्या मी आणि आमच्या भिशीतल्या दोघीतिघी करू, त्याआधी सिस्टरना भेटून येते. टोपीला टाके किती घालू? आणि वरची गाठ बाळाला टोचणार नाही ना?

सुलट_उलट
आधी १० सेंमीचा नमुना विणून टाके मोजा. समजा २४ आले. पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं साधारण ३५ सेंमी, टोपी ताणते म्हणून ३२ धरा, म्हणजे ७७ च्या आसपास, दोन सुलट दोन उलट करायचं तर ४ ने भाग जायला हवा म्हणून ७६ घाला. कमी दिवसांच्या बाळांची मापं सिस्टरनाच विचारा. वर टाके कमी करत आणले की उरलेल्या टाक्यांतून धागा ओवून आवळायचा, आणि गाठ न मारता टोक चपट्या सुईने बाहेरच्या बाजूच्या टाक्यांत दोनतीनदा फिरवून लपवायचं, आतून बोट फिरवून बघा काही लागतंय का. शिवणपण बाहेरून घ्या.