प्रतिसाद: जुनी टोपोशीट आणि कोल्हापूरची खेडी

वर कुणीतरी म्हटलंय की जुनी टोपोशीट, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचे भूभागाचे तपशीलवार नकाशे, ट्रेकरांच्याच कामाची, गावाचा इतिहास दप्तरातच, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांतच शोधावा. दप्तर हवंच, पण नकाशा जे सांगतो ते दप्तरात क्वचितच सापडतं.

या नकाशांना क्रमांक असतात: कोल्हापूर ४७ एल मध्ये येतं, राधानगरी त्याच्या पश्चिमेला ४७ एच मध्ये. जुनी पत्रकं (नकाशाची सुटी पानं) एक इंचाला एक मैल या प्रमाणाची, म्हणजे १:६३,३६०, आणि उंची फुटांत. राधानगरीचं धरण शाहू महाराजांच्या काळात सुरू झालं आणि स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. त्यामुळे त्याआधीच्या मोजणीचं पत्रक मिळालं, तर आज जिथे पाणी आहे तिथे भोगावतीचं उघडं खोरं आणि त्यातल्या वाटा दिसतील. आपल्या नद्यांवर बंधाऱ्यांवरून आज गाड्या जातात, तिथे जुन्या पत्रकावर कुठे पायउतार (नदी चालत ओलांडायची जागा), कुठे नावेची जागा असते. बाजारचा रस्ता अमुक गावावरूनच का वळायचा, ते मला तिथेच उमगलं.

एक मात्र नक्की करा: समासातलं मोजणीचं वर्ष वाचा, छपाईचं नव्हे. दोन्हींत कधी बरीच वर्षं जातात. आजच्या उपग्रह चित्रावर पत्रक ठेवताना नुसते कोपरे जुळवू नका, जुना पाया एव्हरेस्ट गोलाभाचा आहे, म्हणजे पृथ्वीचा आकार तेव्हा आजच्यापेक्षा जरा वेगळा धरलेला, त्यामुळे सगळं थोडं सरकतं. जुळवायला जुनं देऊळ, टेकडीचा माथा, नद्यांचा संगम धरा. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीचा संगम त्यासाठी फार चांगला.

आणि गावातल्या म्हाताऱ्यांसमोर ते पत्रक उलगडाच. ओढ्यांची, माळांची नावं ती माणसं आहेत तोवरच मिळतील.