मदत हवी आहे : एकाच सीटीवर (करंट ट्रान्सफॉर्मरवर) वीजही घ्यायची आहे आणि प्रवाहही मोजायचा आहे

पाखाडीखाली :
गुहागरच्या बाजूला आमची नारळी-पोफळीची वाडी आहे. विहीर घरापासून बरीच खाली असल्यामुळे पंप पाणी ओढतो आहे की कोरडा फिरतो आहे, हे पाहण्यासाठी वडिलांना दर वेळी सगळी पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरून जावे लागते. पंपाच्या वायरवर, तिच्यातील प्रवाह मोजणारा सीटी अडकवावा, त्याच सीटीच्या विजेवर लहानसे सर्किट चालवावे आणि प्रवाहाचा आकडा लोरा (कमी विजेवर दूर पोहोचणाऱ्या) रेडिओवरून घरी पाठवावा, अशी माझी योजना आहे. सीटीपुढे ब्रिज (एसीचे डीसी करणारे चार डायोड) आणि वीज साठवणारा कपॅसिटर जोडला आहे, परंतु कपॅसिटर भरतच नाही. ब्रिज दोनदा बदलून झाला. सीटी चांगला आहे; मल्टिमीटरवर व्होल्टेज दिसते. रविवारी रात्री मला मुंबईस परतायचे आहे, तेव्हा कृपया लवकर सांगावे.

खारा वारा :
सीटी कोणता, मोटार किती एचपीची आणि मल्टिमीटरवर नेमके किती व्होल्ट? सीटीतून एकच वायर गेली आहे की अख्खी केबल? अख्खी केबल घातली असेल, तर तिन्ही फेजची बेरीज शून्य होते आणि हाती काहीच लागत नाही.

उन्हाळी :
एवढा खटाटोप कशासाठी? लहानसे सोलर पॅनेल आणि बॅटरी बसवावी. माझ्या आंब्याच्या बागेत हीच व्यवस्था तीन वर्षे विनातक्रार चालू आहे.

जांभा :
आपली कलमे कातळावर उघड्या उन्हात असतील. पोफळीच्या बनात भर दुपारीही कवडसेच उतरतात. माझा प्रश्न वेगळा आहे. स्टार्टरच्या पेटीत ४१५ व्होल्ट हजर असताना सीटीतून थेंबथेंब वीज कशाला गोळा करायची? तिथे पॉवर सप्लाय बसवला, तर पंप बंद असतानाही सर्किट जिवंत राहील.

पाखाडीखाली :
तसा सप्लाय गेल्या वर्षी बसवला होता. तो जळाला, आणि पेटी उघडली तेव्हा वितळलेल्या प्लास्टिकला एक पाल चिकटलेली होती. तेव्हापासून पेटीत नवीन वायर जोडायची नाही, असा वडिलांचा हुकूम आहे. मोटार ५ एचपी, थ्री फेज. क्लॅम्प मीटरवर ७ अँपिअर. सीटीतून एकच वायर नेली आहे, इतके मला कळते. सीटीवर ‘३० अँपिअर / १ व्होल्ट’ असे छापले आहे.

वहाळकाठ :
पंप कोरडा फिरत असेल, तर आधी फुटव्हॉल्व्ह (विहिरीतल्या नळीच्या तळाची झडप) काढून पाहावा. आमच्याकडे त्यात काजूचे पान अडकले होते.

खारा वारा :
‘१ व्होल्ट’ हीच मेख आहे. अशा सीटीच्या आत बर्डन रेझिस्टर (प्रवाहाचे व्होल्टेज करून देणारा) आधीच बसवलेला असतो. ७ अँपिअरला आपल्याला जेमतेम पाव व्होल्ट मिळत असणार, आणि ब्रिजमधील दोन सिलिकॉन डायोड उघडायलाच सव्वा व्होल्टच्या आसपास लागतो. मग ब्रिज कितीही वेळा बदलला तरी काय उपयोग? रेझिस्टर नसलेला, १०० अँपिअरला ५० मिलिअँपिअर देणारा सीटी घ्यावा. ७ अँपिअरला त्यातून साडेतीन मिलिअँपिअर मिळतील आणि ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३.३ व्होल्टपर्यंत पाच-सहा सेकंदांत भरेल. मात्र अशा सीटीची सेकंडरी (आउटपुटचे वेटोळे) पंप चालू असताना उघडी ठेवू नये, तिच्यावर घातक व्होल्टेज चढू शकते. ब्रिजच्या पुढे झेनर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा डायोड) हवाच.

खरी अडचण त्यानंतर येते. अचूक मोजायचे, तर सेकंडरीवर व्होल्टेज जवळजवळ नसावे. वीज घ्यायची, तर ते असावेच लागते, आणि ते जितके वाढते तितका प्रवाहाचा मोठा वाटा गाभा चुंबकित करण्यातच खर्च होऊन आकडा कमी दिसतो. म्हणून दोन्ही कामे आळीपाळीने करावीत. कपॅसिटर भरला की मॉसफेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) ब्रिजचे आउटपुट दहा ओहमच्या रेझिस्टरमधून शॉर्ट करावे, आठ-दहा सायकल मोजावे आणि पुन्हा भरू द्यावे. मॉसफेट आणि कपॅसिटर यांच्यामध्ये एक डायोड ठेवावा, नाहीतर साठवलेली वीज त्याच वाटेने निघून जाईल.

जांभा :
हा द्राविडी प्राणायाम आहे. दोन सीटी अडकवावेत, एक विजेला आणि एक मोजायला. तेही नको असेल, तर कपॅसिटर भरायला लागणारा वेळच मोजावा. प्रवाह कमी झाला की वेळ वाढतो.

खारा वारा :
दुसरी युक्ती मान्य आहे, विशेषतः इथे फक्त ओला आणि कोरडा पंप ओळखायचा असल्यामुळे. कोरड्या मोटारीचा प्रवाह घटतो, पण शून्य होत नाही, त्यामुळे सर्किटही चालू राहते. फक्त वेळ आणि प्रवाह यांचे गणित सरळ रेषेत जात नाही. क्लॅम्प मीटर लावून दोन्ही स्थितींतील वेळ आधी टिपून ठेवावी.

पाखाडीखाली :
पंप बंद करून सीटी उघडला. वेटोळ्याशेजारी तांदळाएवढा रेझिस्टर निघाला. तो काढून झेनर लावला आणि कपॅसिटर भरू लागला. गाभ्याच्या दोन अर्धकांमध्ये मुंगीचे पाय अडकले होते. ते पुसल्यावर वेळ सातावरून पाच सेकंदांवर आली. आता एकच शंका आहे. घरी काहीच आकडा आला नाही, तर पंप बंद आहे की लाईट गेली आहे, हे कसे ओळखावे? वडील म्हणतात, ते घरातल्या बल्बवरून कळते.

खारा वारा :
घरातला बल्ब एकाच फेजवर असतो. सीटी ज्या वायरवर आहे नेमकी तीच फेज गेली, तर दुसऱ्या फेजवरचा बल्ब पेटलेला राहील, सर्किट गप्प होईल आणि मोटार उरलेल्या दोन फेजवर घुमत जळेल. स्टार्टरमध्ये सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटार बंद करणारे उपकरण) आहे का?