7 मीटरचा बाजार रस्ता: वन-वे केला तर भागेल का?

नाक्यावरचा
ठाणे जिल्ह्यातल्या एका छोट्या शहराचा वाहतूक आराखडा बघतोय. स्टेशन ते नाका जुना बाजार रस्ता, डांबर 7 मीटर. त्याला समांतर, 150 मीटरवर तेवढ्याच रुंदीचा शाळेचा रस्ता. सल्लागाराने रस्त्यांची वर्गवारी (कोणता मुख्य, कोणता दुय्यम) नुसती रुंदीवरून केलीय. संध्याकाळी 6 ते 7, बाजार रस्त्यावर दोन्ही दिशा मिळून दुचाकी 800, रिक्षा 300, कार 100, टेम्पो 40, बस 20. दोन्ही रस्ते वन-वे करून भागेल का?

आखणीवाला
आधी वर्गवारी दुरुस्त करा. विकास योजनेत जाड रेघ मारली म्हणून रस्ता सब-आर्टेरियल (मुख्य रस्त्याच्या खालोखालचा) होत नाही. त्याच्यावरून कोण, कशाला जातं यावर ते ठरतं. नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर दुकानांची दारं उघडत नाहीत, म्हणून तो वाहता राहतो. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर लांबचे ट्रक आणि शेजारच्या सोसायटीतून दूध आणायला निघालेली स्कूटर एकाच पट्ट्यात. रुंदी भरपूर असूनही त्याचा श्वास कोंडतो, तो याच कारणाने.

रस्त्याच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस बसवून गाड्यांचे शेवटचे चार आकडे टिपून घ्या. जो नंबर आठ-दहा मिनिटांत दुसऱ्या टोकाला दिसला, ती गाडी नुसती आरपार जाणारी. असल्या गाड्या बऱ्याच निघाल्या तर त्यांना बाजाराबाहेरून वाट काढून द्या, वन-वेचा विषय नंतर. आणि 'राज्य महामार्ग', 'प्रमुख जिल्हा मार्ग' ही वर्गवारी मालकी आणि देखभालीची आहे, शहरातल्या कामाची नाही. या दोन याद्यांची सरमिसळ झालेले आराखडे ढिगाने सापडतात. (कलेक्टर रोड म्हणजे गल्ल्यांतली वाहतूक गोळा करून मोठ्या रस्त्याला देणारा; त्याचा जिल्हाधिकाऱ्यांशी संबंध नाही, हेही सभेत एकदा सांगून टाका.)

चौकमोजणी
तुमचे आकडे आयआरसी 106 (1990) म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या शहरी रस्त्यांच्या क्षमतेच्या मार्गदर्शिकेप्रमाणे पीसीयूत करू (एक पीसीयू म्हणजे एका कारइतका भार). एखाद्या वाहनाचा वाटा 10 टक्के किंवा जास्त असला की तक्त्यातल्या दोनपैकी मोठा गुणांक लागतो. दुचाकी 800 × 0.75 = 600. रिक्षा 24 टक्के, म्हणून 300 × 2 = 600. कार 100. टेम्पो 40 × 1.4 = 56, बस 20 × 2.2 = 44. एकूण 1400.

दोन लेनचा, दुतर्फा वाहतुकीचा कलेक्टर रस्ता ताशी 900 पीसीयू झेपवतो. म्हणजे दीडपटीहून जास्त भार आहे. पण तक्त्यातला कलेक्टरचा रकाना दारं उघडणारी, गाड्या उभ्या असलेली, आडवी वर्दळ असलेली गृहीत धरूनच आहे. उभ्या गाड्या हटवल्या आणि चौक मोकळे केले की तोच 7 मीटर सब-आर्टेरियलच्या रकान्यात जातो: 1200. वन-वे केला तर पार्किंग असूनही 1400.

नाक्यावरचा
या आकड्यांना परत 0.7 ने गुणायचं का? सल्लागाराने गुणलंय.

चौकमोजणी
नाही. ते आकडे लेव्हल ऑफ सर्व्हिस 'सी' चेच आहेत, म्हणजे वाहतूक बऱ्यापैकी सुरळीत राहावी म्हणून कमाल क्षमतेच्या 0.7 पटच धरलेले; 0.7 आधीच आत आहे. दुसऱ्यांदा गुणलं की गरज नसताना रुंदीकरण दाखवलं जातं, आणि पाडकामाच्या यादीत चार दुकानं जास्त येतात. इंडो-एचसीएम 2017 (रस्त्यांच्या क्षमतेची वेगळी, नवी भारतीय पुस्तिका) वापरायचं तर पूर्ण तेच वापरा, अर्धं इकडचं अर्धं तिकडचं नको.

आखणीवाला
वन-वेची जोडी करणार असाल तर दिशा प्रदक्षिणेची ठेवा, म्हणजे घड्याळाच्या काट्याप्रमाणे. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे दोन्ही टोकांना जाणारे आणि येणारे प्रवाह न छेदता आपापल्या बाजूला लागतात. उलट फिरवलंत तर दोन्ही टोकांना फुली पडते आणि तिथे कायमचा हवालदार उभा करावा लागतो. बाजार रस्त्याच्या 1400 पीसीयू भारापैकी साधारण निम्मेच एका रस्त्यावर येतील, पण त्यात शाळेच्या रस्त्याचा स्वतःचा भार आणि वळसा घालून येणारे मिळवा. तिथली मोजणी नसेल तर सगळं गणित हवेत. मधल्या गल्ल्या 100-150 मीटरवर नसतील तर लोक उलटे घुसणार, कितीही पाट्या लावा. बस वळवायच्या कोपऱ्यावर साधारण 12 मीटरची बाहेरची त्रिज्या रात्री खडूने आखून खरी बस फिरवून बघा. नकाशावर ती नेहमीच वळते.

वाहतूक शाखा जवळून
नगरपरिषदेच्या ठरावाने वन-वे लागू होत नाही. मोटार वाहन कायदा 1988, कलम 115 खाली अधिसूचना लागते: ठाणे आयुक्तालयाच्या हद्दीत वाहतूक पोलिस उपायुक्तांकडून, ग्रामीण हद्दीत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून. एक महिन्यापर्यंतच्या बंदीला राजपत्र लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणून 30 दिवस प्रायोगिक तत्त्वावर करून हरकती मागवा. 'प्रवेश बंद'ची पाटी फक्त टोकाला नको, आत उघडणाऱ्या प्रत्येक गल्लीच्या तोंडावर हवी. गल्लीतून बाहेर पडणाऱ्याला ती दिसली नाही तर दंडाची पावती टिकत नाही.

चौकमोजणी
एक राहिलं. 300 रिक्षा 600 पीसीयू खातात, एकूण भाराच्या 43 टक्के. शेअर रिक्षाची रांग रस्त्यावर उभी असेल तर ती आधी बाजूला काढा. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला सॅटिसवर (स्टेशनबाहेरचा उंचावरचा पूल) बस वर आणि रिक्षा खाली, असं वेगळं केलंय. तुमच्याकडे पूल नको, स्टेशनच्या कडेला पंधरा-वीस रिक्षांची जागा पुरेल. ती झाल्यावर त्याच वारी, त्याच वेळी परत मोजा, मग वन-वेचा प्रस्ताव लिहा.