उन्हाळ्यात जर्मनीत श्टुटगार्टला जाऊन पाच लाख कमवायचे?

पाटसची ताई:
आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर काल एका गृहस्थांनी टाकलं, "तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत पोरांना श्टुटगार्टला पाठवा. तीन महिने गोदामात काम, पाच लाख हातात. भाषा लागत नाही, व्हिसा एजंट बघतो." खाली अंगठ्यांची रांग. माझा मावसभाऊ असल्याच बोलण्याला भुलून एजंटाला अडीच लाख देऊन बसलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

तिकडे किमान वेतन २०२६ मध्ये तासाला १३.९० युरो. रोज आठ तास, ६५ दिवस धरले तर सात हजार दोनशेच्या आसपास. युरोला शंभर रुपये धरा, सात लाख होतात, कबूल. आता खोलीचे महिना सहाशे, खाण्याचे अडीचशे, प्रवासाचा पास ६३ युरो, विमानाचे पासष्ट हजार. उरले पावणेचार लाख, तेही कर न धरता. त्यातले अडीच एजंटाचे.

आणि व्हिसाचं काय? भारतात शिकणाऱ्याला तिथे सुट्टीतलं काम बारा महिन्यांत ९० दिवसच करता येतं, तेही तिथल्या सरकारी रोजगार कार्यालयामार्फत जुळवलेलं. टूरिस्ट व्हिसावर गोदामात उभं राहणं बेकायदा. भावाच्या कागदांत त्या कार्यालयाचं नावसुद्धा नाही. शिवाय आपली सुट्टी मे-जूनची, तिकडची विद्यापीठं जुलैअखेर सुटतात आणि मुलांच्या खोल्या तेव्हा कुठे रिकाम्या होतात. मे महिन्यात तीन महिन्यांपुरती खोली कोण देणार?

कान्श्टाटकर:
ताई, एजंटाचं बरोबर आहे, पण तुम्ही सगळंच काळं रंगवलंत. मी २०१८ ला मास्टर्सला आलो. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, म्हणजे श्टुटगार्टच्या राज्यात, युरोपबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १५०० युरो फी आहे, २०१७ पासून. वडिलांची किराणा टपरी. पहिल्या उन्हाळ्यात गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात रात्रपाळी केली, त्यावर दोन सेमिस्टरची फी भरली. तेव्हा तिथे शिकणाऱ्याला वर्षाला १२० दिवस काम करता यायचं, २०२४ पासून १४० झालेत. हे काम नसतं तर मी परत गेलो असतो. पोरांना घाबरवू नका.

पाटसची ताई:
तुम्ही तिथले विद्यार्थी होतात. मी इथून तीन महिन्यांसाठी जाणाऱ्यांबद्दल लिहिलंय. नीट वाचा.

निवृत्त, सांगली:
मूळ मुद्दा कुणीच बोलत नाही. ही पोरं घरी चहाचा कप उचलत नाहीत. इथे हॉटेलात वाढप्याचं काम सांगा, तोंड फिरवतील. तिकडे मात्र खोकी उचलायला लाज नाही. बापानं कर्ज काढून इंजिनिअर केलं ते यासाठी?

कान्श्टाटकर:
काका, इथे वाढप्याला तासाला किती देता ते आधी सांगा. लाजेचं नंतर बोलू.

बी-वनवाली:
भाषा लागत नाही म्हणणाऱ्यांसाठी माझा अनुभव. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला जर्मन शिकले, बी-वन म्हणजे मधल्या पातळीची परीक्षा झाले, म्हटलं आता काय अडतंय. श्टुटगार्टला इमारतीचा जिना आळीपाळीने झाडायचा असतो, त्याला केरवोखे म्हणतात. नावातच केर आहे, त्यामुळे मला शब्द पाठ करावा लागला नाही. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला पुठ्ठ्याची पाटी लटकते. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या आजी खालच्या पायरीवर उभ्या राहून "कुट्टरशाउफेल, कुट्टरशाउफेल" म्हणत होत्या. मला वाटलं रागावल्यात. त्या सुपली मागत होत्या! पुस्तकात सुपलीला केरब्लेख. गोदामातला सुपरवायझरही असलंच श्वेबिश, म्हणजे तिथली बोली, बोलायचा. यंत्र थांबवायला सांगत होता आणि मी मान डोलावत उभी.

निवृत्त, सांगली:
याला म्हणतात शिस्त. आपल्याकडे लिफ्टमध्ये थुंकतात.

एक वैतागलेला:
शिस्त कसली, जाच आहे! रविवारी दुपारी कामावरून येऊन झोपलो होतो. घरमालकाने दार वाजवून उठवलं आणि कठड्यावर बोट फिरवून धूळ दाखवली. श्टुटगार्टच्या पालिकेनं ही सक्ती १९८८ मध्येच काढली, पण भाडेकरारात ती राहिलीच. सही करताना कोण वाचतं?

निवृत्त, सांगली:
करार न वाचता सही केलीत, आता जाच म्हणता. आमच्या गिरगावातल्या चाळीतही जिन्याची पाळी होती. कुणी कुरकुरलं नाही.

बी-वनवाली:
काका, तुमच्या चाळीतली पाळी कोण करायचं? तुम्ही? माझ्या आजीने लालबागच्या चाळीत अठ्ठावीस वर्षं जिना पुसला. आजोबांच्या नावाची पाटी, झाडू आजीच्या हातात. कुरकुर केली असती तर ऐकणार कोण होतं? इथे श्टुटगार्टला माझ्या मजल्यावर साठीचे गृहस्थ गुडघ्यावर बसून पायऱ्या पुसतात. शिस्तीचं कौतुक करायचं तर तेवढं आधी बघा.

निवृत्त, सांगली:
प्रत्येक गोष्टीत बायका-पुरुष आणायची सवय लागली आहे.

बी-वनवाली:
झाडू तुम्ही आणलात, मी हात दाखवला.

पाटसची ताई:
धागा जिन्यावर अडकला. मावसभावाचा प्रश्न तसाच आहे, त्याला पुढच्या आठवड्यात दुसरा हप्ता द्यायचाय!

कान्श्टाटकर:
ताई, हप्ता देऊ नका. एजंटाकडे रोजगार कार्यालयाचं पत्र मागा. खरं काम असेल तर ते असतंच. नसेल तर दिलेले पैसे परत मागा, पावतीसकट. आणि भाषेचं म्हणाल तर बी-वनवाल्या ताईंचं मला पटतंय. मी पहिले दोन महिने फक्त "या, या", म्हणजे हो, हो, म्हणत काढले आणि एकदा त्यामुळेच बोट अडकता अडकता वाचलं.

निवृत्त, सांगली:
पाळी बायकोच करायची. मी कारखान्यात असायचो. आईही करायची. असो.

पाटसची ताई:
एजंटाकडे पत्र मागितलं. "सिस्टिममध्ये आहे" म्हणाला. भावाला सांगितलंय, हप्ता थांबव. तो दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये. कान्श्टाटकर, तुमच्यासारखं तिथे शिकायलाच जायचं असेल तर माझी हरकत नव्हती, कधीच नव्हती. हे मी आधी लिहायला हवं होतं.

कान्श्टाटकर:
त्याला माझ्याशी बोलायला सांगा. रविवारी मी घरीच असतो, दुकानं बंद असतात.