मदत हवी आहे: मॉरिसव्हिलमध्ये चार्टर शाळेत नंबर लागलाय, शाळा चांगली आहे की नाही हे ओळखायचं कसं?

मीनल_वाकड

नमस्कार मंडळी,

आम्ही गेल्या वर्षी पुण्याहून नॉर्थ कॅरोलायनात, मॉरिसव्हिलला आलो. मुलगी दुसरीत आहे, पुढच्या वर्षी तिसरीत जाईल. धाकटा चार वर्षांचा, त्याची स्पीच थेरपी चालू आहे. आमची बेस शाळा (घराच्या पत्त्यावरून ठरलेली) कॅप झालेली, म्हणजे भरल्यामुळे नवे प्रवेश बंद, त्यामुळे मुलीला लांबच्या ओव्हरफ्लो शाळेत जागा मिळाली. शाळा वाईट नाही, पण पोरीचा सगळा जीव बसमध्ये जातो. नवऱ्याच्या ऑफिसातल्या लोकांनी सांगितलं म्हणून जानेवारीत काही चार्टर शाळांचे अर्ज भरून ठेवले होते आणि विसरूनही गेलो होतो. परवा एकीकडून मेल आली: लॉटरीत नंबर लागलाय, आठवड्याभरात हो की नाही ते कळवा.

पुण्यात शाळा निवडताना काय बघायचं ते पाठ होतं. बोर्ड कोणतं, फी किती, डोनेशन मागतात का, व्हॅन दारात येते का, सोसायटीतली किती मुलं जातात. इथे फी नाही, डोनेशन नाही, बोर्डाचा प्रश्न नाही, म्हणजे पारखायला हाताशी काहीच नाही. नवरा म्हणतो, राज्याने 'ए' ग्रेड दिलीय, झिलोवर (घरांच्या खरेदी-विक्रीची साइट) दहापैकी ९ दिसतोय, विषय संपला. माझं मन मानत नाही. शाळा बघून आले. रोबोटिक्सची खोली दाखवली, ट्रॉफ्या दाखवल्या, प्रिन्सिपल बाई गोड बोलल्या. पण टूरला आलेल्या पालकांशी कोण कडू बोलणार?

'ए' ग्रेडवर किती विसंबायचं? इथे शिक्षकांना परवाना नसला तरी चालतो हे खरं का? अशा शाळा मध्येच बंद पडतात म्हणे, ते कितपत खरं? आणि धाकट्याचं काय? "तुमचं मन काय सांगतं ते करा" सोडून काहीही सांगा, प्लीज.

सासवडकर

अभिनंदन! नंबर लागणं हेच इकडे अर्धं काम असतं.

चार्टर शाळा म्हणजे काय ते सोपं करून सांगतो. आपल्याकडची अनुदानित शाळा डोळ्यांसमोर आणा. पैसा सरकारचा, चालवणारी संस्था वेगळी. फरक असा की इथे संस्थेला ठरावीक वर्षांच्या करारावर शाळा चालवायला मिळते, मुदत संपली की राज्य पुन्हा तपासतं आणि करार वाढवतं किंवा वाढवत नाही. त्यामुळे पहिला प्रश्न हाच विचारा: शेवटचं नूतनीकरण कधी झालं आणि किती वर्षांसाठी मिळालं? पूर्ण दहा वर्षं मिळाली असतील तर राज्याचा बऱ्यापैकी विश्वास आहे. थोड्याच वर्षांवर बोळवण झाली असेल तर का, ते विचारा. उत्तर देताना समोरचा चाचरला तर तेही उत्तरच.

रेवती_एपेक्स

मीनल, तुझ्या नवऱ्याला हे वाचून दाखव.

नॉर्थ कॅरोलायनाची ग्रेड कशी निघते? ८० टक्के वजन मुलं परीक्षेत किती पास झाली याला, फक्त २० टक्के वर्षभरात किती पुढे गेली याला. शंभरपैकी ८५ किंवा जास्त झाले की ए. म्हणजे आधीच हुशार, घरी पुस्तकं असलेली, आईबाप इंजिनियर असलेली मुलं शाळेत आली की शाळेने काहीही केलं तरी ए पक्का. आपल्या भागातल्या 'स्टेम' (विज्ञान-गणितावर भर देणाऱ्या) चार्टरांमध्ये निम्मी पोरं संध्याकाळी कुमॉनच्या नाहीतर रशियन मॅथच्या क्लासला असतात. गणिताचा निकाल शाळेचा की कुमॉनचा, ते ग्रेड बघून कोणालाच सांगता येणार नाही. (माझीही जातात, तेव्हा टोमणा स्वतःलाच आहे.)

ग्रेडच्या खाली 'ग्रोथ' अशी ओळ असते. तिथे तीनच शक्यता: अपेक्षेपेक्षा जास्त, अपेक्षेइतकी, अपेक्षेपेक्षा कमी. यात मुलाची तुलना त्याच्याच मागच्या निकालांशी होते, म्हणून आईबापांच्या पगाराचा परिणाम बराच कमी होतो. ए ग्रेड पण ग्रोथ 'कमी', अशी शाळा दिसली तर सरळ समजायचं की मुलं चांगली आली होती आणि शाळेने त्यात फारशी भर घातली नाही. उलट बी ग्रेड, ग्रोथ सलग काही वर्षं 'जास्त', अशी शाळा मी डोळे मिटून घेईन. एका वर्षावर जाऊ नका, लहान शाळेत एका वर्गाने आकडा वरखाली होतो.

मग राज्याच्या रिपोर्ट कार्डवर गटागटाने निकाल उघडा. आशियाई मुलांचा आकडा बघून खूश होऊ नका, तो सगळीकडे चांगला असतो. कमी उत्पन्नाच्या घरातली मुलं, इंग्रजी शिकणारी मुलं, विशेष गरजा असलेली मुलं यांचं काय होतंय ते बघा. घरून मदत नसलेल्या मुलाला शाळा शिकवू शकते का, हे तिथे कळतं. आणि त्या गटाचा आकडाच दिलेला नसेल तर त्या शाळेत अशी मुलं मोजण्याइतकीसुद्धा नाहीत. तेही कळणं महत्त्वाचं.

झिलोवरचा ९ म्हणजे ग्रेटस्कूल्सचं रेटिंग. ते घर विकणाऱ्याच्या कामाचं.

एक शेवटचं, जे कोणी बघत नाही: पट. राज्याच्या साइटवर शाळेगणिक, इयत्तेगणिक पटसंख्या मिळते. यंदाची पाचवी बघा, मग हीच मुलं तीन वर्षांपूर्वी दुसरीत किती होती ते बघा. ब्रोशरमध्ये लिहितात 'प्रतीक्षा यादीत शेकडो मुलं', आणि इकडे वरच्या वर्गांत पट गळत चाललेला. सोडून कोण जातं आणि का, हे ऑफिसला विचारू नका. सोडून गेलेल्या एखाद्या आईला गाठा. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलंस तर तासाभरात दोघीतिघी सापडतील.

तळेगावचा_बाळ्या

तिसरीतली मुलगी आहे, आयआयटीची ॲडमिशन नाही. ओव्हरफ्लो शाळा "वाईट नाही" असं तुम्हीच म्हणताय. बेस शाळेची कॅप उठली की परत जाता येईल. मी दोन्ही पोरांना साध्या जिल्ह्याच्या (म्हणजे इथल्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या, नेहमीच्या सरकारी) शाळेत घातलं, इयर-राउंड, म्हणजे वर्षभर थोड्या थोड्या सुट्ट्या देत चालणारी, त्यातलं ट्रॅक ४ हे वेळापत्रक. तीन-तीन आठवड्यांच्या सुट्ट्यांत भारतात जाऊन येतो, तिकीटही स्वस्त मिळतं. बाकी चालू द्या.

रेवती_एपेक्स

@बाळ्या, तुमचं म्हणणं चुकीचं नाही, पण बसमध्ये बसणारी पोरगी तुमची नाही :)

काका_शार्लट

मीनलताई, बंद पडण्याबद्दल विचारलंत म्हणून लिहितो. निवृत्त अकाउंटंट आहे, दुसरं काही कळत नाही.

होय, पडतात. याच राज्यात किन्स्टनमधली एक चार्टर शाळा २०१३ च्या सप्टेंबरमध्ये, वर्ष सुरू झाल्याझाल्याच बंद झाली. त्याआधी जुलैमध्ये तिला राज्याकडून सहा लाख डॉलर्सच्या वर रक्कम मिळाली होती. पुढे राज्याच्या लेखापरीक्षकांनी त्यावर अहवाल काढला. मुलांना ऐनवेळी दुसरीकडे जागा शोधावी लागली. तुमच्याकडच्या भरल्या शाळांचं असं होण्याची शक्यता कमी, कारण पैसा मुलामागे येतो आणि मुलं कमी पडली की घडी विस्कटते. तरीही तीन कागद बघाच.

पहिला, वार्षिक ऑडिट. हे सार्वजनिक असतं. मला नफा-तोटा बघायचा नसतो, मी दोन ओळी शोधतो: इमारतीचं भाडं किंवा कर्जाचा हप्ता एकूण खर्चाच्या किती, आणि व्यवस्थापन कंपनीला किती जातात. इथे करार नफा न कमावणाऱ्या संस्थेलाच मिळतो, पण ती संस्था रोजचा कारभार नफ्यावर चालणाऱ्या कंपनीकडे सोपवू शकते. इमारतही त्याच कंपनीच्या भावंडाची निघाली, की भाडेकरू आणि घरमालक एकाच घरातले. बेकायदा नाही. पण भाडं वाढलं की मास्तरांच्या पगारातून जातं.

दुसरा, बोर्डाच्या, म्हणजे शाळेच्या संचालक मंडळाच्या, बैठकांची इतिवृत्तं. बैठका खुल्या असाव्या लागतात, कोणीही जाऊन बसू शकतं. वर्षभराची इतिवृत्तं चाळा. सगळी चर्चा इमारत, कर्ज आणि मार्केटिंगची असेल आणि वाचन-गणिताचं नाव महिनोन्‌महिने येत नसेल, तर शाळा कशात गुंतली आहे ते कळेल. बोर्डावर कोण आहे तेही बघा. सगळे एकाच कुटुंबाचे मित्र असतील तर 'नाही' म्हणणारा कोणी नाही.

तिसरा, राज्याने आर्थिक बाबतीत कधी ताकीद दिली आहे का. ताकिदीच्या पायऱ्या आहेत, पहिल्या पायरीवर घाबरायचं कारण नाही. पण विचारा.

श्रुती_सेंट_पॉल

आमच्या मिनेसोटानेच हे सुरू केलं. १९९१ मध्ये कायदा आला आणि १९९२ मध्ये देशातली पहिली चार्टर शाळा आमच्या सेंट पॉलमध्ये उघडली. तेव्हापासून आम्ही चांगल्याही बघितल्या आणि बंद पडलेल्याही.

'चार्टर चांगल्या की सरकारी' हा वाद मात्र सोडा. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या संशोधन केंद्राने २०२३ मध्ये देशभराचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. चार्टरमधली मुलं वर्षाला वाचनात १६ आणि गणितात ६ शाळेच्या दिवसांइतकी पुढे, असा सरासरी हिशेब निघाला. पण पूर्ण ऑनलाइन चार्टरमधली मुलं वाचनात ५८ आणि गणितात १२४ दिवस मागे. एकाच पाटीखाली इतकी तफावत असेल तर सरासरीने तुमच्या शाळेबद्दल काय कळणार? ऑनलाइनवाल्यांची जाहिरात आली तर तेवढी उडवून लावा.

अनघा_होली_स्प्रिंग्ज

मीनल, मी फक्त धाकट्याबद्दल लिहिते, कारण त्यातून आम्ही गेलोय.

कायद्याने चार्टर ही सार्वजनिक शाळाच आहे, आयईपी (विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शाळेने लिहून दिलेली शिक्षण-योजना) असलेल्या मुलाला ती नाकारू शकत नाही. आत्ता चार वर्षांचा असताना त्याची थेरपी जिल्हा बघतो. तो किंडरगार्टनला चार्टरमध्ये गेला की जबाबदारी त्या शाळेची. इथे प्रत्येक चार्टर स्वतःच एक छोटा जिल्हा असल्यासारखी असते. मोठ्या जिल्ह्याकडे थेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ, वेगवेगळे वर्ग सगळं असतं. चार्टरकडे बहुतेक वेळा बाहेरून कंत्राटावर येणारी एखादी थेरपिस्ट असते.

आमच्याबाबतीत एका शाळेने (नाव लिहीत नाही) नकार दिलाच नाही. फक्त प्रत्येक मीटिंगला "आमची शाळा तुमच्या मुलासाठी योग्य आहे असं तुम्हाला वाटतं का?" असं हसून विचारायचे. इतक्यांदा विचारलं की शेवटी आम्हालाच वाटेनासं झालं. म्हणून नुसतं "सोय आहे का" असं विचारू नकोस, त्याला सगळे हो म्हणतात. विचार: स्पीच थेरपिस्ट नोकरीवर आहे की कंत्राटावर, आठवड्यात कोणते दिवस येते, ती सोडून गेली तेव्हा किती आठवडे कोणी नव्हतं, आणि बुडालेली सेशन्स भरून दिली का.

भावंडाला लॉटरीत सहसा प्राधान्य असतं, म्हणजे आत्ताचा निर्णय दोघांसाठी आहे असं समजूनच घे. अर्थात ताईला एकीकडे आणि भावाला दुसरीकडे घालता येतं, फक्त सकाळी गाडी दोन दिशांना पळवायची तयारी हवी.

रेवती_एपेक्स

परवान्याचं राहिलंच. हो, खरं आहे. इथल्या चार्टरमध्ये निम्म्या शिक्षकांकडे राज्याचा परवाना असला तरी नियमात बसतं. मला त्याची फार भीती वाटत नाही, परवान्याशिवायची एक अफलातून गणिताची बाई मी बघितली आहे. भीती वाटते ती दर ऑगस्टला नवीन चेहरे दिसण्याची. मागच्या वर्षीच्या तिसरीच्या सगळ्या बाई यंदाही आहेत का, एवढंच विचार. आणि वर्षाच्या मध्यात कोणी सोडलं तर वर्गावर कोण उभं राहतं?

आणि डबा! बस आणि जेवण देणं इथल्या चार्टरला जिल्ह्यासारखं बंधनकारक नाही. बस नसेल तर दुपारी कारपूलची रांग (मुलांना न्यायला आलेल्या पालकांच्या गाड्यांची) बघायला एकदा जाच. रोज तेवढा वेळ कोण काढणार ते नवऱ्याबरोबर आत्ताच ठरवा, नंतर भांडणं होतात.

मीनल_वाकड

सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री बसून एकेक तपासलं.

ग्रेड ए, पण ग्रोथ मागच्या तीनही वर्षांत 'अपेक्षेइतकी'. वाईट नाही, नवऱ्याला वाटत होतं तेवढं ग्रेटही नाही. नूतनीकरण पूर्ण दहा वर्षांचं आहे. पट पाचवीपर्यंत टिकतो, सहावीला एकदम गळतो. एका सोडून गेलेल्या ताईंशी बोलले, त्या म्हणाल्या मिडल स्कूलला खेळ, बँड, ऑर्केस्ट्रा काहीच नाही म्हणून लोक जिल्ह्याच्या शाळेत जातात, प्राथमिकबद्दल तक्रार नाही. तिसरीच्या चारपैकी तीन बाई त्याच आहेत. थेरपिस्ट कंत्राटी, मंगळवार-गुरुवार. "मध्ये कोणी नव्हतं असं झालं का" यावर "मला बघून सांगावं लागेल" असं उत्तर आलं, अजून सांगितलेलं नाही.

मुलीसाठी हो म्हणावं असं वाटतंय, पाचवीपर्यंतचा विचार करून. धाकट्याचं किंडरगार्टनच्या वेळी बघू, कदाचित तो जिल्ह्याच्याच शाळेत बरा. सोमवारी संध्याकाळी बोर्डाची बैठक आहे, उत्तर द्यायची मुदत मंगळवारी. बैठकीला जाऊन थेरपिस्टचा प्रश्न तिथे विचारू शकते का?

काका_शार्लट

जरूर जा. लोकांना बोलायला वेळ ठेवलेला असेल तर नाव बहुधा आधी नोंदवावं लागतं, साइटवर अजेंडाबरोबर लिहिलेलं असेल, रविवारीच बघून ठेवा. पण मुलाचं नाव किंवा त्याची माहिती सगळ्यांसमोर काढू नका. प्रश्न सगळ्या शाळेसाठी म्हणून विचारा: गेल्या वर्षी स्पीच थेरपीची किती सेशन्स बुडाली आणि किती भरून दिली. तिथे लगेच उत्तर देतीलच असं नाही, म्हणून सोमवारी सकाळी हाच प्रश्न मेलवरही पाठवून ठेवा.