ड्रॅगोनाइट दर मॅचला अर्ध्यातच मरतो, चूक नेमकी कुठे होतेय?

मांडवीकाठचा_ट्रेनर

नमस्कार मंडळी, शोडाउनवर (पोकेमॉनच्या ऑनलाइन लढतींची साइट) नववी जनरेशन ओयू (एकास-एक लढतींचा नेहमीचा फॉरमॅट) खेळतोय दोन महिने झाले, १२०० रेटिंगच्या आसपास अडकलोय. माझा सगळ्यात लाडका पोकेमॉन म्हणजे ड्रॅगोनाइट, लहानपणी टीव्हीवर बघितल्यापासून, त्यामुळे टीममधून काढा असं कृपया सांगू नका, तो राहणारच. सेट असा आहे: जॉली नेचर (स्पीड वाढवणारं), अटॅक आणि स्पीडमध्ये जास्तीत जास्त २५२-२५२ पॉइंट, मल्टीस्केल (एचपी म्हणजे जीव फुल असताना मार निम्मा करणारी ॲबिलिटी), हेवी ड्यूटी बूट्स (आत येताना स्टेल्थ रॉकसारख्या सापळ्यांपासून वाचवणारी वस्तू), टेरा नॉर्मल (मॅचमध्ये एकदाच टाइप बदलून नॉर्मल करता येतो), मूव्ह ड्रॅगन डान्स (अटॅक आणि स्पीड वाढवणारी), एक्स्ट्रीम स्पीड (समोरच्याच्या आधी लागणारी नॉर्मल मूव्ह), अर्थक्वेक आणि रूस्ट (एचपी परत देणारी). बाकी टीममध्ये गोल्डेन्गो, किंगॅम्बिट, रोटम वॉश, ड्रॅगापल्ट आणि क्लॉडसायर.

कालची मॅच सांगतो म्हणजे कळेल. समोर ग्रेट टस्क होता, त्याने हेडलाँग रश मारला तेव्हा मी बरोबर ड्रॅगोनाइट आत आणला, ग्राउंड मूव्ह लागलीच नाही, एचपी फुल. मग मी ड्रॅगन डान्स दाबला, त्याने आधी नॉक ऑफ मारून बूट काढले, पण डान्स झाला. पुढच्या टर्नला टेरा नॉर्मल करून एक्स्ट्रीम स्पीड मारला, टस्कचा निम्मा एचपी गेला आणि त्याने क्लोज कॉम्बॅट मारून एका फटक्यात संपवला. टेरा पण गेला, ड्रॅगोनाइट पण गेला, मॅच तिथेच गेली. आणि हे एकदा नाही, दहातल्या सात मॅचमध्ये असंच काहीतरी होतं. मला सेट बदलायचा का खेळ बदलायचा ते सांगा.

चौथ्या_जनपासून

भावा सेट चांगलाय, त्याला हात लावू नकोस. घाई नडतेय.

तुझी कालची मॅच घे. ड्रॅगोनाइट आत आला तेव्हा तुझ्याकडे तीन गोष्टी होत्या: मल्टीस्केल, बूट आणि टेरा. तीन टर्नमध्ये तिन्ही गेल्या. मल्टीस्केल फक्त एचपी फुल असताना चालतं, एक पॉइंट जरी कमी झाला तरी ते नसल्यातच जमा. ज्या टर्नला तू डान्स केलास त्या टर्नला टस्क तुझ्या आधी खेळणार हे ठरलेलं होतं, कारण जॉली ड्रॅगोनाइटचा स्पीड २८४ आणि पूर्ण स्पीड घातलेला जॉली टस्क ३००. म्हणजे त्याला एक फुकटचा फटका मिळाला आणि त्याने नॉक ऑफ निवडला, ज्याने एचपीही गेला आणि बूटही गेले. बूट गेले म्हणजे आता परत बाहेर जाऊन आत यायचं तर स्टेल्थ रॉकला पाव एचपी द्यायचा, ३२३ मधले ८०. मग मल्टीस्केल विसरायचं.

आणि नंतर टेरा. हे नीट बघ. ड्रॅगन-फ्लाइंग असताना फायटिंगचा फटका तुला निम्मा लागतो. नॉर्मल झालास की तोच दुप्पट लागतो. म्हणजे समोर फायटिंग टाइप उभा असताना तू स्वतःहून तो फटका चौपट करून घेतलास, वर ग्राउंडपासूनची सुटकाही गमावलीस. का, तर एक्स्ट्रीम स्पीड जोरात लागावा म्हणून. पण एचपी-डिफेन्समध्ये काही न घातलेल्या टस्कलासुद्धा एका डान्सनंतरचा तुझा टेरा नॉर्मल एक्स्ट्रीम स्पीड साधारण ४३ ते ५१ टक्केच लागतो, आणि बहुतेक लोक टस्कला थोडाफार एचपी देतातच. शोडाउनवर कॅल्क्युलेटर आहे, टेरा दाबायच्या आधी ते उघडायची सवय लाव, टाइमर तेवढा वेळ देतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की टस्क चाळीस टक्क्यांच्या खाली येईपर्यंत ड्रॅगोनाइट बाहेरच ठेव. तुझ्याकडे रोटम आहे, गोल्डेन्गो आहे, ही कामं त्यांची. ड्रॅगोनाइट शेवटी येतो, समोरच्याचे पाच थकलेले असताना. पहिल्या पाच टर्नमध्ये डान्स म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

हळद_आणि_बेसन

वरच्या दादांशी बऱ्यापैकी सहमत पण एक गोष्ट राहिली, डान्स नक्की कुणासमोर करायचा ते. माझा नियम सोपा आहे, समोरचा त्या टर्नला मला काहीच करू शकत नसेल तरच. चॉइस स्कार्फ (स्पीड वाढवतो पण एकाच मूव्हमध्ये अडकवतो) घालून अर्थक्वेकमध्ये अडकलेला लँडोरस, तो तर सोन्याहून पिवळा, कारण त्याला बाहेर जावंच लागतं आणि तो जातो तेव्हा माझा डान्स झालेला असतो, एचपी फुल, बूट पायात. किंवा ज्याचा मुख्य मारा ग्रासचा आहे असा कोणी, आपल्याला ग्रास पाव लागतं. "मी हा फटका सोसू शकतो" आणि "हा फटका मला लागतच नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तू पहिलीवर खेळतोयस.

रूस्ट पण नीट वापर. रूस्ट केलेल्या टर्नला फ्लाइंग टाइप निघून जातो, त्यामुळे त्या टर्नला बर्फाचा फटका चौपटीऐवजी दुप्पट लागतो पण ग्राउंड मूव्ह लागायला लागते, हे विसरून मी अर्थक्वेक खाल्लाय. रूस्ट करून एचपी परत फुल झाला की मल्टीस्केल परत आलं, लोकांना वाटतं ते एकदाच मिळतं.

आणि हो, वीव्हाइलच्या ट्रिपल ॲक्सलसमोर मल्टीस्केलच्या भरवशावर राहू नकोस. तीन फटके असतात, फक्त पहिला निम्मा होतो, पुढचे दोन पूर्ण लागतात आणि ते उत्तरोत्तर मोठे असतात. आइस शार्डची मात्र एवढी भीती नको, तुझा एक्स्ट्रीम स्पीड त्याच्या आधी जातो.

रात्रपाळी_संपली

मी नेचरवर वाद घालणार. जॉली का? ॲडमंट (अटॅक वाढवणारं नेचर) घे.

हिशोब बघ. एका डान्सनंतर जॉलीचा अटॅक ५५०, ॲडमंटचा ६०४. स्पीड जॉलीचा ४२६, ॲडमंटचा ३८८. ३८८ मध्येही तू वीव्हाइल आणि डार्कराय यांच्या ३८३ च्या पुढे आहेस, म्याऊस्कराडाच्या ३७९ च्या पुढे आहेस, आयर्न व्हॅलियंटच्या ३६४ च्या पुढे आहेस. मग उरलं कोण? आणि जे उरलेत त्यांच्यासाठी एक्स्ट्रीम स्पीड आहेच ना, त्याला स्पीडची गरजच नाही. स्कार्फवाला गोल्डेन्गो ४३९ ला जातो, तो तर दोन्ही नेचरच्या पुढे. मग त्या ३८ पॉइंटसाठी दहा टक्के मार का सोडायचा?

चौथ्या_जनपासून

उरलं कोण म्हणतोस? ड्रॅगापल्ट ४२१ आणि झामाझेन्टा ४१२. हे दोन लॅडरवर जागोजागी भेटतात, आणि नेमके हेच एक्स्ट्रीम स्पीडनं आवरत नाहीत. ड्रॅगापल्ट घोस्ट आहे, त्याला नॉर्मल मूव्ह लागतच नाही. झामाझेन्टाला लागते पण त्याचा डिफेन्स एवढा दांडगा की चिमटा काढल्यासारखं होतं, आणि त्याचा क्लोज कॉम्बॅट टेरा नॉर्मल ड्रॅगोनाइटला दुप्पट बसतो. ४२६ हा आकडा ४२१ च्या पाच पुढे आहे म्हणूनच जॉली आहे. एक्स्ट्रीम स्पीड ज्याला पोचत नाही तिथे खरा स्पीड लागतो.

रात्रपाळी_संपली

ड्रॅगापल्टचा मुद्दा पटतो पण अर्धाच. तू पुढे जाऊन मारलास तरी जॉलीचा डान्सनंतरचा अर्थक्वेक त्याला ६७ ते ७९ टक्के लागतो, मरत नाही. मग तो ड्रॅको मीटिअर मारतोच. आधी त्याला कुणीतरी एक तृतीयांश खाली आणलं असेल तरच तुझ्या पाच पॉइंटचा उपयोग, आणि मग मी म्हणेन की ज्या टीममध्ये तेवढं काम आधी होतं तिथे ॲडमंट जास्त मॅच जिंकून देतो. झामाझेन्टासाठी मात्र माझ्याकडे उत्तर नाही, तिथे मी स्विच करतो.

बाकी टेरा नॉर्मल झालेल्या ड्रॅगोनाइटला ड्रॅगापल्टचा शॅडो बॉल लागत नाही आणि ड्रॅगन मूव्हही दुप्पट राहत नाही हे लक्षात ठेव मांडवीकाठच्या मित्रा, कधीकधी टेरा मारायसाठी नाही, वाचायसाठी करायचा असतो.

मांडवीकाठचा_ट्रेनर

बापरे, एवढं डोक्यात नव्हतं. टेरा मी कायम मारायसाठीच वापरत आलो. एक विचारू का, समोर डोन्डोझो किंवा स्टीलवाले कॉर्विनाइट आले की काय करायचं? डोन्डोझोसमोर मी तीन-तीन डान्स करतो आणि काहीच फरक पडत नाही. आणि परवा एकाने एन्कोर (आधीचीच मूव्ह परत परत करायला लावणारी मूव्ह) केलं तर तीन टर्न नुसता नाचत बसलो.

चौथ्या_जनपासून

डोन्डोझोकडे अनअवेअर आहे, तुझे डान्स त्याच्या हिशोबी झालेलेच नाहीत. तिथे एकही डान्स वाया घालवू नकोस, सरळ गोल्डेन्गो काढ. तुझ्या स्वतःच्या क्लॉडसायरकडेही तीच ॲबिलिटी असते, तू ती दुसऱ्याच्या ड्रॅगोनाइटविरुद्ध वापरत असशीलच, मग डोन्डोझोवाला तुझ्याकडे कसा बघतो याचा अंदाज कर. एन्कोर झालं की त्याच टर्नला बाहेर. अडकून बसायचं नाही, डान्सचा मोह सोडायचा. टिंग-लूच्या व्हर्लविंडलाही (आपल्याला जबरदस्तीने बाहेर काढणारी मूव्ह) तेच, तिथे दुसरा डान्स करणं म्हणजे पाणी वाळूत ओतणं.

कॉर्विनाइट आणि स्कारमोरीसाठी जुना उपाय आहे. आम्ही चौथ्या जनरेशनपासून ड्रॅगनसोबत मॅग्नेझोन ठेवायचो, त्या टीमना ड्रॅगमॅगच म्हणायचे. मॅग्नेझोनची मॅग्नेट पुल ॲबिलिटी स्टील टाइपला बाहेर जाऊ देत नाही, कॉर्विनाइट अडकला की एक थंडरबोल्ट, दुसरा थंडरबोल्ट, काम झालं. मग ड्रॅगनला आकाश मोकळं. फक्त आताचे कॉर्विनाइट यू-टर्न ठेवतात आणि त्यातून निसटतात, आणि गोल्डेन्गो घोस्ट असल्यामुळे त्याला ही ॲबिलिटी अडवतच नाही. त्यामुळे पूर्वीएवढं पक्कं राहिलं नाही, तरी मला अजून आवडतं. त्या काळी मल्टीस्केल नव्हतं, ते पाचव्या जनरेशनला आलं, आणि हेवी ड्यूटी बूट्स तर आठव्यात, २०१९ ला. मधली सगळी वर्षं ड्रॅगोनाइट म्हणजे स्टेल्थ रॉकवर पाव एचपी देऊन यायचा आणि आम्ही तरी तो खेळवायचो. त्यामुळे हे बूट टस्कला फुकटात देऊन टाकलेले बघवत नाही रे.

हळद_आणि_बेसन

अजून एक टेरा सुचवते, स्टील करून बघ. ड्रॅगोनाइटच्या चार कमजोऱ्या कुठल्या, आइस, रॉक, ड्रॅगन, फेअरी. स्टील चारहींना निम्मं करतो. चारही! मी ॲडमंटमध्ये स्पीड कमी करून बराच एचपी घातलेला, रूस्टवाला सेट खेळते, आयर्न हेडसोबत, आणि समोरचा आइस मूव्ह मारायला येतो तेव्हाच टेरा करते. त्याने जी मूव्ह खास ड्रॅगोनाइटसाठी ठेवलेली असते तीच फुकट जाते आणि मला डान्स मिळतो. फायर, फायटिंग, ग्राउंडपासून मात्र सांभाळायचं, टस्कसमोर तर हाही टेरा नाहीच.

पालघर_डबल्स

मी डबल्सवाला (दोन-दोन पोकेमॉन एकदम लढतात तो प्रकार), दोन ओळी आमच्याकडून. २०२३ च्या सुरुवातीला आमच्याकडे चॉइस बँड (अटॅक वाढवणारी वस्तू), टेरा नॉर्मल, एक्स्ट्रीम स्पीडवाला ड्रॅगोनाइट जिकडेतिकडे होता, डान्सबिन्स काही नाही, आला की मारला. तिथे पुष्कळजण मल्टीस्केल सोडून इनर फोकस घेतात कारण त्याने समोरच्याचं इंटिमिडेट (अटॅक कमी करणारी ॲबिलिटी) लागत नाही आणि फेक आउटनं दचकतही नाही. उपाय म्हणजे सायकिक टेरेन किंवा आर्मर टेलवाला फॅरिगिराफ, प्रायॉरिटीच (आधी लागणाऱ्या मूव्ह) बंद. सिंगल्समध्ये उपयोग कमी, पण "ड्रॅगोनाइट म्हणजे डान्सच" असं धरून चालू नकोस.

मांडवीकाठचा_ट्रेनर

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारी चार मॅच खेळलो, सेट तोच, जॉलीच ठेवला, ॲडमंट पुढच्या आठवड्यात बघतो. क्लॉडसायरच्या जागी स्वतःचाच ग्रेट टस्क घेतला रॅपिड स्पिनसाठी (आपल्या बाजूचे स्टेल्थ रॉक साफ करणारी मूव्ह).

तिसऱ्या मॅचचं सांगतो. ड्रॅगोनाइट एकविसाव्या टर्नपर्यंत आत आणलाच नाही, दोनदा हात शिवशिवला पण नाही आणला. रोटम आणि किंगॅम्बिटनं समोरच्या टस्कला ३४ टक्क्यांवर आणलं, त्याचा ड्रॅगापल्ट आधीच गेला होता. मग त्याचा स्कार्फवाला लँडोरस अर्थक्वेकमध्ये अडकला तेव्हा आत आलो, तो बाहेर गेला, माझा डान्स झाला, एचपी ३२३ पैकी ३२३. समोर टस्क आला. टेरा नॉर्मल, एक्स्ट्रीम स्पीड, टस्क गेला. पाठोपाठ वीव्हाइल, आइस शार्ड मारणार हे दिसत होतं, माझा आधी गेला. शेवटी लँडोरस राहिला होता निम्म्या एचपीवर, तोही गेला. रात्री अजून खेळणार आहे, हरलो तर टर्नसकट इथेच टाकतो.