'स्थलांतर' या शब्दात लग्न होऊन गेलेली मुलगी येते का?

रूपांतर: ग्रामीण कुटुंबांच्या पाहणीची एक प्रश्नावली मराठीत करते आहे. त्यातला एक प्रश्न असा: 'तुमच्या कुटुंबातून कोणी स्थलांतर केले आहे का? असल्यास कारण?' खाली स्त्री की पुरुष ते विचारलंय आणि कारणांचे रकाने आहेत: रोजगार, शिक्षण, विवाह, कुटुंबासोबत, इतर. चाचणी घेताना एका आजींनी सांगितलं, 'आमच्यातून कोण गेलं नाय, पोरगा तेवढा पुण्याला हाय.' तिन्ही लेकी लग्न होऊन परजिल्ह्यांत आहेत! 'स्थलांतर'ऐवजी 'बाहेर जाणे' घालू का?

शब्दार्थी: यातलं 'अंतर' म्हणजे 'दुसरं', जसं भाषांतर, वेषांतर, मतांतर. म्हणजे अर्थाने पाहिलं तर नांदायला गेलेली मुलगीही स्थलांतरितच. पण रोजच्या मराठीत स्थलांतर करतात ते फ्लेमिंगो, मजूर आणि दुकानं ('आमचे दुकान समोरच्या गाळ्यात स्थलांतरित झाले आहे'). मुलगी 'दिली' जाते, सून 'आणली' जाते. दोन्ही वाक्यांत कर्ता दुसराच कोणीतरी. तिच्या वाट्याला येणारं क्रियापद एकच, नांदणं. आजी त्यांच्या मराठीप्रमाणे बरोबरच बोलल्या.

रकाना: आकडेवारीत मात्र चित्र नेमकं उलटं आहे. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात (२०२०-२१) देशातल्या ४७.९ टक्के स्त्रिया स्थलांतरित निघाल्या आणि पुरुष १०.७ टक्के. त्या स्त्रियांपैकी ८६.८ टक्के लग्नामुळे गेलेल्या. म्हणून तो रकाना उडवू नका. मात्र तिथे मुख्य कारण एकच नोंदवतात. लग्न होऊन भिवंडीला गेली आणि महिन्याभरात कारखान्यात लागली, तरी ती 'विवाह'मध्येच. रोजगारासाठी गेलेल्या बायका कमी दिसतात, त्यामागे हेही एक आहे.

लांज्याचा: आमच्याकडे कोकणात 'स्थलांतर' कोणी म्हणत नाही, माणूस 'मुंबईला असतो'. जातो नव्हे, असतो! तो चाकरमानी. या शब्दाचं स्त्रीलिंगी रूप मी तरी गावात ऐकलेलं नाही. बाप्ये गिरणीत, बायका भातशेतीत आणि मनीऑर्डरच्या वाटेकडे डोळे, असं पिढ्यानपिढ्या चाललं. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, मुंबई शहर जिल्ह्यात ८३२. १९८२ च्या संपानंतर गिरण्या संपल्या, सवय राहिली. आता मुलीही बारावी झाली की शिकायला बाहेर पडतात आणि घराला कुलूप लागतं. २०२५ च्या गणपतीआधी 'चाकरमानी'ऐवजी सरकारी कागदांत 'कोकणवासीय' म्हणा, असं अजित पवारांनी सांगितलं. चाकर म्हणजे नोकर, म्हणून तो शब्द काहींना खटकतो हे मान्य. पण जो मुंबईला असतो तोही कोकणवासीय आणि जी गावात राहते तीही! मग फरक कुठल्या शब्दाने दाखवायचा?

माजलगाव_फाटा: तुम्ही सगळे एकेकटं माणूस मोजताय. आमच्याकडे बीडला ऊसतोडीत मोजतात कोयता. 'आमच्या टोळीत दहा कोयते' म्हणजे दहा जोड्या, नवरा-बायको. एकटा माणूस अर्धा कोयता. टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडीवर, पण हिशेब बहुतेक नवऱ्याच्या नावावर. बाई ऊस तोडते, वाढं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, कापते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते आणि कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीवर, आल्यावर भाकरीही तीच थापते. नवरा मेलेली किंवा टाकलेली बाई जायची म्हटली तर भाऊ, पोरगा, नाहीतर तिच्यासारखीच दुसरी बाई जोडीला शोधावी लागते. आता सांगा, ही बाई कोणत्या रकान्यात? पाहणीवाला 'कुटुंबासोबत'वर खूण करून मोकळा होतो. ती कुणासोबत गेलेली नाही हो, ती निम्मा कोयता आहे.

लगीनघाईचंही तेच. पोरीला एकटी मागे कुठे ठेवायची ही आईबापाची काळजी आणि लग्न लावलं की एक कोयता तयार होतो हा हिशेब. अशा पोरीचं कारण 'विवाह' की 'रोजगार'?

२०१९ मध्ये बीडमधल्या गर्भाशय काढलेल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा कुठे या बाया कामगार म्हणून लोकांना दिसल्या.

रकाना: अजून एक अडचण. 'नेहमीचे राहण्याचे ठिकाण' ठरवताना सलग सहा महिने मुक्कामाची अट असते. दसरा-दिवाळीला निघून गुढीपाडव्याच्या आगेमागे परतणारी टोळी त्यात बसतच नाही. तिच्यासाठी 'हंगामी स्थलांतर' असा वेगळा प्रश्न हवा.

रूपांतर: म्हणजे शब्द बदलून भागणार नाही, प्रश्नच फोडायला हवा. असं चालेल का: (१) या घरात वाढलेली, पण आता इथे न राहणारी माणसं कोण कोण? लग्न झालेल्या लेकीही सांगा. (२) त्यातलं प्रत्येक जण कशामुळे गेलं आणि आता काय काम करतं? (३) गेल्या वर्षभरात काही महिने कामासाठी बाहेर कोण कोण होतं?

शब्दार्थी: पहिला छान. दुसऱ्यात 'कशामुळे' ठेवलंत ते बरं केलं, 'कशासाठी' नको. 'कशासाठी'मध्ये जाणाऱ्याचा बेत गृहीत धरला जातो, आणि दिलेल्या मुलीचा बेत कोणी विचारलेला नसतो.

लांज्याचा: 'न राहणारी' ऐकून आमची म्हातारी भांडेल. तिच्या मते मुलगा इथलाच, फक्त मुंबईला असतो. 'वर्षातला बराच काळ बाहेर असणारी' करा.

माजलगाव_फाटा: तिसऱ्यात 'कामासाठी' आहे, मग पुरुषाचंच नाव सांगतील. 'कोयत्यावर, वीटभट्टीवर कोण कोण होतं' असं विचारा, बाईचं नाव आपसूक येईल. आणि पाहणी जानेवारीत ठेवली असेल तर पुढे ढकला. तेव्हा आमच्या तांड्या-वस्त्यांवर म्हातारी माणसं आणि हंगामी वसतिगृहातली पोरंच भेटतील. मे महिन्यात या.